पोळ्यापर्यंत एक हिरवं पान

निलमनं शोधायला घेतली होती ती फक्त एक वेल. लोंबती, सोशिक, फार लाड न मागणारी, घरातल्या घरात राहणारी आणि नवख्या माणसाच्या हातीही नांदणारी. असल्या वर्णनाची सून शोधायला निघालेल्या माणसांना हट्टा गावात कोणी हसत नाही. वेल शोधणाऱ्या बाईला मात्र सगळी गल्ली हसली.

याचं मूळ कारण तुळस. नाना, म्हणजे निलमचे वडील किसनराव, फाल्गुनात गेले. चौतीस वर्षं कृषी सहायक म्हणून त्यांनी बांधाबांधावर जाऊन लोकांना पाणी कधी द्यावं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कधी देऊ नये, हे सांगितलं. आणि त्यांच्याच दारातली तुळस त्यांच्या तेराव्याच्या आत पाण्यानं मेली. झालं असं, की भेटायला येणारा माणूस ओट्यावर टेकायचा. काय बोलावं ते त्याला सुचायचं नाही. शेजारी पाण्याची घागर असायची. "किसनराव रोज पाणी घालायचे हिला," असं म्हणून तो तांब्याभर ओतायचा आणि डोळे पुसत उठायचा. पहिल्याच दिवशी साठ-सत्तर माणसं आली. गावाचा नानांवर जीव होता यात शंका नाही. तुळशीला तो झेपला नाही, इतकंच.

शालूबाई, निलमची आई, तेव्हा काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या आषाढात. धाकट्या हरीशचा पुण्याहून फोन आला, की घराला कुलूप लावा, आईला मी घेऊन जातो, ताईनं वसमतला खोली करावी, रोजचं बसचं जाणं-येणं तरी वाचेल. शालूबाईंनी फोन खाली ठेवला आणि म्हणाल्या, "जाते मी. या घरात आता काही जगत न्हाई."

निलम वसमतच्या कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. चार कपाटं पुस्तकं तिनं वाचलेली आहेत. एवढ्या पुस्तकांत या वाक्याला एक उत्तर असायला हरकत नव्हती. ते सापडेना तेव्हा तिच्या तोंडून भलतंच निघून गेलं.

"मी एक वेल आणते. पोळ्यापर्यंत जगवून दाखवते. मग?"

शालूबाईंनी लेकीकडे नीट पाहिलं. लहानपणी तिनं मटकी भिजत घातली होती आणि आठवड्यानं भलत्याच वासावरून ती सापडली होती, हे त्यांना आठवलं असावं.

"एक पान," त्या म्हणाल्या. "पोळ्याच्या दिवशी या घरात एक पान हिरवं दाव. मी कुठंबी जात न्हाई. पण तोरणाचं पान धरायचं न्हाई, सांगून ठेवते. ते तोडलेलं असतंय."

अशा रीतीनं एका प्राध्यापक बाईची अब्रू, एक घर आणि एक आई, तिन्ही एका पानावर टांगली गेली.

टांगायची जागा बैठकीतच होती. खिडकीच्या वरच्या आढ्याला नानांनी कधीतरी एक आकडा ठोकून ठेवला होता. नानांचा दुसरा खिळा दाराआड, भिंतीवर खूप उंच. त्यावर ते जगातली कुठलीही वस्तू अडकवत: छत्री, पिशवी, बियाण्याचे नमुने, बांधावरून आणलेला पाला. सगळ्यांच्या वर शर्ट. तो शर्ट अजून तिथंच होता. तो कोणी काढायचा, हे ठरलं नव्हतं, आणि ठरवायचं आहे असंही कोणी म्हणत नव्हतं. झाडणारा माणूस झाडत झाडत तिथवर यायचा आणि वळसा घालायचा.

त्या शर्टाखालून मात्र एक जाळ्याचा धागा लोंबायचा. निलमनं तो आषाढात पहिल्यांदा पाहिला आणि केरसुणीनं ओढून काढला. आठ-दहा दिवसांनी पुन्हा धागा. तिनं पुन्हा काढला. कोळी कधी दिसला नाही, पण त्याची चिकाटी पाहून तिला त्याच्याविषयी आदर वाटू लागला होता. आदर वाटला तरी केर काढावाच लागतो.

वेलीची बातमी भिंतीपलीकडे जायला अर्धा तास पुरला. पलीकडे मोहनसिंग राठोड राहतात, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, आणि त्यांच्या पत्नी रूपाबाई. दोघांनाही तांड्यावरून गावात येऊन वीस वर्षं झाली, आणि या वीस वर्षांत गल्लीतलं कुठलंही काम त्यांच्या सल्ल्याशिवाय बिघडलेलं नाही.

"मनीप्लांट घ्या," रूपाबाई म्हणाल्या. "दगडावर बी येतंय. पण इकत आणू नका. इकतचं लागत न्हाई. चोरूनच आणावं लागतंय."

"चोरून? कुणाकडून?"

"आमच्याकडून आणा की! परक्याकडून काहून चोरता?"

निलमनं आयुष्यात वाचनालयाचं पुस्तकसुद्धा एक दिवस उशिरा दिलेलं नाही. पण नानांच्या घराचा प्रश्न होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, ठरलेल्या वेळी, ती चोरी करायला गेली. मोहनसिंग ओट्यावर पेपर उघडून बसले होते.

"मी पेपर वाचून राहिलो," त्यांनी पेपरामागून जाहीर केलं. "मला काही दिसत न्हाई."

निलमनं फांदीला हात घातला.

"ती न्हाई बाई, डाव्या हाताची," पेपर म्हणाला. "तिला डोळा चांगला हाय."

रूपाबाईंनी आतून कात्री आणून दिली आणि जाताना चोराला चहा पाजला. निलम फाटकाबाहेर पडली तसं मोहनसिंगांनी जिभेनं "टण् टण्" केलं. एसटीत दोन टण् म्हणजे चला, एक टण् म्हणजे थांबा. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी त्यांच्या तोंडातली घंटा काही निवृत्त झाली नव्हती.

ती फांदी काचेच्या बाटलीत खिडकीला लागली. पाचव्या दिवशी निलम कॉलेजला निघता निघता थांबली. डोळ्याच्या जागेतून पांढरं टोक बाहेर आलं होतं, लेकराच्या पहिल्या दातासारखं. माती नाही, कोणी बोलावलेलं नाही, तरी ते खाली निघालं होतं. निलमची साडेनवाची बस गेली. तिनं आयुष्यात मुळांवरच्या कविता पुष्कळ शिकवल्या होत्या. मूळ निघताना कधी पाहिलं नव्हतं.

इथं थांबायला हवं होतं. पण मूळ निघाल्याची बातमीही भिंतीपलीकडे गेली. रूपाबाईंनी चमचाभर ताक घातलं, ताकानं जीव धरतंय म्हणून. मोहनसिंगांनी नानांच्या कोठीतला उरलेला युरिया चिमूटभर टाकला. मोहनसिंगांचा हात मोठा आहे. त्यांची चिमूट म्हणजे इतरांची मूठ. पान जरा मलूल झालं, तेव्हा निलमनं स्वतःच्या बुद्धीनं शेवटचा उपाय केला. हा मुलूख हळदीचा. इथं बोट कापलं, घसा बसला, पाय मुरगळला, नवरा-नवरी बोहल्यावर चढली, काहीही झालं तरी हळद लागते. तिनं पानांना हळदीचं पाणी लावलं.

त्यानंतर पानं पिवळी होती यात वाद नव्हता. ती हळदीनं पिवळी आहेत की दुखण्यानं, यावर तीन दिवस दोन घरांत चर्चा चालली. चौथ्या दिवशी पानं गळून बाटलीत पडली आणि चर्चा मिटली.

"न्हाई म्हणलं ना मी," शालूबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जिंकल्याचा आनंद अजिबात नव्हता. तो असता तर निलमला बरं वाटलं असतं.

मग निलमनं शास्त्रीय मार्ग धरला. वसमतच्या रस्त्याला संतराम नावाच्या गृहस्थाची रोपवाटिका आहे. त्याच्यापुढे तिनं अटी मांडल्या: लोंबती हवी, ऊन कमी लागावं, पाणी विसरलं तरी चालावं आणि पाणी जास्त झालं तरी चालावं.

"आन् मालकीण कशी हाय?" संतरामनं विचारलं.

"म्हणजे?"

"झाड सांगतो मी कुनालाबी. पन मालकीण घाबरट असंल तर झाड मरतंय. घाबरट माणूस दर घंट्याला बोट घालून माती बघतंय."

निलम प्राध्यापकाच्या आवाजात म्हणाली, की ती घाबरट नाही. संतरामनं तिच्याकडे पाहिलं आणि सगळ्यात दणकट टोपली काढून दिली. बारीक गोल पानांची वेल, टोपलीच्या चारी बाजूंनी हातभर लोंबणारी. ती घेऊन निलम बसमध्ये चढली तेव्हा तिला मिरवणुकीत असल्यासारखं वाटलं. मांडीवर पुस्तकांची पिशवी असल्यामुळे तिनं टोपली वरच्या दांडीला अडकवली आणि खिडकीशी जरा डोळे मिटले. फाल्गुनापासून तिला झोप अशी बसमध्येच लागायची.

मागच्या बाकावर एक म्हातारी मांडीवर करडू घेऊन बसली होती. यापुढचं सांगायची गरज नाही. तरी सांगायला हवं, की करडानं काम अर्धवट सोडलं नाही. हट्ट्याच्या फाट्यावर निलम जागी झाली तेव्हा दांडीला तारेची टोपली होती, टोपलीत माती होती, आणि म्हातारी करडाच्या पाठीवरून हात फिरवत कौतुकानं म्हणत होती, "कालपासून काही खात नव्हतं माय लेकरू. तुमच्या पायगुणानं खाल्लं."

यावर रागवायचं कसं, हे कुठल्याच पुस्तकात नाही. निलमनं करडाच्या डोक्यावर हात ठेवला आणि उतरली.

मोहनसिंगांनी मात्र प्रकरण गांभीर्यानं घेतलं. "करडाचं तिकीट होतं का?" त्यांनी विचारलं.

"काका, आता काय उपयोग?"

"उपयोगाचं न्हाई, नियमाचं बोलून राहिलो. तिकीट असंल तर ते प्रवासी हाय, त्यानं सहप्रवाशाला तकलीफ दिली. तिकीट नसंल तर ते सामान हाय, आन् सामानानं सामान खाल्लं तर त्याला कलमच न्हाई."

पोळ्याला पंधरा दिवस राहिले. कोळ्यानं पुन्हा धागा सोडला होता, आता हातभर लांब. निलमनं तो तोडला. तुटताना तो जरा ताणला गेला, इतकं तिला जाणवलं. पण तिचं मन करडापाशी होतं.

शेवटचा उपाय म्हणजे सरकार. एका सहकाऱ्यानं सांगितलं, की तालुक्यातल्या एका सरकारी रोपवाटिकेत औषधी झाडं फुकट मिळतात, आणि ती मरत नाहीत, कारण त्यांना आधीपासूनच कोणी पाणी घातलेलं नसतं. निलम तिथं गेली. टेबलामागचे कारकून सज्जन होते. त्यांनी तिला खुर्ची दिली.

"लोंबती वेल?" त्यांनी यादीवर बोट फिरवलं. "साग, बांबू, करंज... हां, हाय एक. गुळवेल. कापून टाकली तरी मरत न्हाई म्हणतेत."

"तीच द्या," निलम म्हणाली. तिचा आवाज जरा जास्तच चढला.

"अर्ज भरा. सोबत सातबारा."

"मला ती घरात लावायची आहे. एकच."

"घरात लावा, गच्चीवर लावा. योजना शेतकऱ्याची हाय. सातबारा लागंल."

सातबारा सुदैवानं तिच्या पिशवीत होता. फाल्गुनापासून नानांचे सगळे कागद ती जवळ घेऊन फिरत होती. कारकुनांनी तो वाचला.

"किसनराव. तुमचे कोण?"

"वडील."

"मग यांचीच सही पायजे अर्जावर."

खोलीत पंखा फिरत होता. निलम म्हणाली, "ते गेले. फाल्गुनात."

कारकुनांनी पेन खाली ठेवलं. "किसनराव म्हणजे कृषी सहायक? आमच्या गावाला यायचे की हो. सायकलवर." मग त्यांना ज्या भाषेत सांत्वन करता येत होतं त्या भाषेत त्यांनी केलं. "वारसांचा फेरफार होऊन जाऊ द्या. नाव लागलं की लगेच या. मी वेल बाजूला काढून ठेवतो."

"फेरफार पोळ्याच्या आत होईल?"

"पोळ्याच्या आत बाई," कारकून हळुवारपणे म्हणाले, "पोळाच होईल."

पोळ्याच्या आदल्या दिवशी गल्लीत बैलांच्या शिंगांना रंग लागत होता आणि बैठकीत शालूबाईंची बॅग भरली जात होती. हरीश दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन येणार होता. निलमनं दांडीवरची लुगडी घडी करून दिली. पैजेत हरल्यावर बोलायचं नसतं, आणि खरं तर पैज कधी नव्हतीच. फक्त आईनं जे वाक्य म्हटलं होतं ते खोटं ठरावं, एवढंच तिला पाहिजे होतं. ते वाक्य खरं ठरवायला तुळशीपासून सगळ्यांनी मिळून मेहनत घेतली होती.

बॅगेत वर थोडी जागा उरली. शालूबाई त्या जागेकडे बघत राहिल्या.

"त्यांचा शर्ट घेते," त्या म्हणाल्या. "ती वरची घडी जरा सरकव."

निलमनं मान हलवली. शालूबाईंनी स्टूल ओढलं, दार लोटलं, आणि नानांच्या खिळ्याकडे पहिल्यांदाच हात नेला. शर्ट काढला. आणि तशाच स्टुलावर उभ्या राहिल्या.

"निलू," त्या म्हणाल्या. "हे काय हाय गं?"

शर्टामागे खिळ्याला सुतळीनं बांधलेली एक जुडी होती. बोटाएवढ्या जाड, राखाडी, गाठीगाठीच्या काड्या. वरची साल कागदासारखी सुटलेली. माघात नानांचे गुडघे धरले होते, तेव्हा काढ्यासाठी त्यांनी कडुलिंबावरून कापून आणलेल्या. सात महिने त्या तिथं होत्या. माती नाही, पाणी नाही. आणि भिंतीतल्या झरोक्याच्या बाजूनं, शर्टाच्या कॉलरच्या मागं दडून, त्यांना पानं आली होती. सात होती. बदामाच्या आकाराची, इतकी कोवळी की उजेड त्यांच्यातून आरपार येत होता. आणि त्याच काडीतून निघून एक धागा सरळ खाली आला होता, शालूबाईंच्या कमरेपर्यंत.

निलमनं तो धागा दोन बोटांत धरला. तो गार होता, ओलसर होता. जाळ्याचा नव्हता.

रूपाबाईंना हाक मारावी लागली नाही. घरात अचानक शांत झालं की त्या येतातच. मोहनसिंग मागोमाग. रूपाबाईंनी वर पाहिलं आणि पदर सावरला.

"गुळवेल हाय की ही! आमच्या तांड्यावर वळचणीला टांगून ठेवतेत. तिला माती लागत न्हाई बाई. ती माती हुडकीत येती. हे मूळ हाय तिचं, खाली येऊन राहिलंय."

"मी तोडलं ते," निलम म्हणाली. "तीनदा. केरसुणीनं."

"मग तीनदा पुन्हा सोडलं आसंल."

"पण ती कापलेली आहे ना, रूपाबाई. माघात कापलेली."

"कापली म्हणून काय झालं?" रूपाबाई म्हणाल्या. "तिला कुनी सांगितलंय का?"

मोहनसिंगांनी डोक्याची टोपी काढून हातात घेतली. ती देवळाच्या पायरीवर काढतात तशी त्यांनी काढली होती, आणि काढली आहे हे त्यांचं त्यांनाच नंतर कळलं. बाहेर कोणीतरी घुंगरमाळ तपासून पाहत होतं. निलमला कारकुनांची यादी आठवली. अर्ज नाही, फेरफार नाही, सही तर नाहीच. नानांनी वेल कधीच देऊन ठेवली होती. निलम ती सगळ्या जगात शोधत फिरली, आणि घरात जे शोधत खाली येत होतं ते झाडून टाकत राहिली.

पहिल्या सावरल्या शालूबाई.

"ही तू आणली न्हाईस," त्या म्हणाल्या.

"तू म्हणालीस एक पान हिरवं दाखव. मी आणलेलं असावं असं म्हणाली नव्हतीस."

"तोडलेलं चालत न्हाई म्हणलं होतं मी."

"तोडलेलं आहे का ते? नीट बघ."

शालूबाईंनी नीट पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग स्टुलावरून उतरल्या आणि शर्ट खांद्यावर टाकून म्हणाल्या, "नुसतं बघत काय उभे राहिलात? त्याला अजून खाली दोन हात जायचंय. तवर माती वर आणावी लागंल."

कोठीतला पत्र्याचा डबा निघाला. तुळशीच्या वृंदावनातली माती अंगणात पडून होती, ती त्यात भरली गेली. डबा स्टुलावर ठेवला तर मूळ वीतभर वर राहिलं. पाट घातला, तो डगमगला. शेवटी शालूबाईंनी इकडं-तिकडं पाहिलं आणि भरलेली बॅग उचलून स्टुलावर आडवी ठेवली. तिच्यावर डबा. मोहनसिंग दाराशी वाकून इशारे देत होते. "अजून... अजून थोडं डावीकडं... टण्!"

मुळाचं टोक मातीला टेकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हरीश आला. गाडीची चावी बोटावर फिरवत त्यानं विचारलं, "आई, तयारी झाली ना? बॅग कुठंय?"

"ती न्हाई हलवता येत," शालूबाई म्हणाल्या. "वर माती हाय."

हरीशनं बॅगेकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, मग धाग्याला धरून नजर वर वर नेत खिळ्यापर्यंत गेला, आणि तिथं त्याची चावी फिरायची थांबली. निलमनं त्याला समजावून सांगायचं ठरवलं होतं, वाक्यंही तयार होती. ती लागली नाहीत.

संध्याकाळी बैल मिरवून झाले, तशी गल्ली आत लोटली. किसनरावांच्या खिळ्याला पानं फुटलीत, ही बातमी कुठल्या मार्गानं गेली ते सांगायला नको. माणसं येत, वर बघत, गप्प होत. काय बोलावं ते सुचायचं नाही. मग प्रत्येकाची नजर सवयीनं खाली वळायची आणि पाण्याचा तांब्या शोधू लागायची.

तांब्या शालूबाईंच्या मांडीवर होता. नानांचा शर्ट खांद्यावर घेऊन त्या बॅगेशेजारी पाटावर बसल्या होत्या आणि एक हात त्यांनी तांब्याच्या तोंडावर झाकून धरला होता.

"पाणी कुनी घालायचं न्हाई," येणाऱ्या प्रत्येकाला त्या सांगत होत्या. "कधी द्यायचं ते ठाऊक हाय मला. चौतीस वर्षं ऐकलंय."